चाचांची रायफल



या महिन्यात शाळेची गोष्ट नाही. घरातली आहे, आणि थोडी माझ्या कमजोरीचीही.

मे महिन्याच्या सुटीत मोहल्ल्यातल्या एका चाचांचा निरोप आला. वय ऐंशीच्या पुढे, अब्बांचे जुने दोस्त. अस्रची नमाज अदा करून गेलो. त्यांनी कुलूपबंद कपाट उघडलं आणि कापडी पिशवीतून रायफल बाहेर काढली. ३१५ बोअरची, सरकारी कारखान्यात बनलेली. बोल्ट मागे ओढून आधी आत काडतूस नसल्याची स्वतः खात्री केली, मग मला दाखवलं, आणि मगच माझ्या हातात दिली. अब्बाही असंच करायचे.

“नजर गेली बेटा, हात थरथरतात. परवान्याची मुदत दिवाळीनंतर संपतेय. नूतनीकरण करून मी काय करणार? तू घे. तुझ्या अब्बांचा हिच्यावर किती जीव होता, तुला माहीत आहे.”

किंमत सांगितली तीस हजार. नवी घ्यायची तर याहून कितीतरी जास्त लागतात. खाडीच्या खाऱ्या हवेत राहूनही लाकडाला तडा नव्हता. उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं तर आतल्या पिळाच्या खाचा स्वच्छ, गंजाचा डाग नाही. खांद्याला लावली आणि खरं सांगतो, मी पंचेचाळीस वर्षांचा मास्तर राहिलो नाही. कंदील घेऊन अब्बांची वाट पाहणारा पोरगा झालो.

माझ्याकडे परवाना आहे. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. पुढे वारस म्हणून ती रीतसर माझ्या नावावर झाली. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. आधी तीन ठेवता येत. म्हणजे एकाची जागा शिल्लक होती. मनाने लगेच हिशेब केला : जागा आहे, पैसे जमतील, माणूस ओळखीचा आहे. अजून काय हवं?

घरी सांगितलं तेव्हा बेगमने भाकरी उलटता उलटता एकच विचारलं, “तिने करणार काय?”

म्हटलं, रानडुकरं. आमच्या भातशेतीची आणि कणगराच्या वाफ्यांची त्यांनी काय दशा केली, ती तिनेही पाहिली आहे. ती म्हणाली, “मग दुनळीने किती मारलीत?” एकही नाही. मारता येतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरावरही वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं गुन्हाच आहे. आपल्याकडे तर ते खायचाही प्रश्न नाही.

रात्री वही घेऊन बसलो. वर्गात मुलांना सांगतो तसं पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘का घ्यावी’, उजवीकडे ‘का घेऊ नये’. डावीकडे लिहिलं : स्वस्त आहे, चांगली आहे, अब्बांची आठवण, चाचांचा मान. वाचून पाहिलं, तर त्यात ‘गरज’ हा शब्दच नव्हता.

उजवी बाजू भरत गेली. दुनळीचे छर्रे थोड्याच अंतरावर दम सोडतात. रायफलची गोळी मात्र किलोमीटरभराहून पुढे जाते. आमच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या. पलीकडच्या झाडीत कोण लाकडं गोळा करतंय, कोणाची गुरं चरताहेत, कोण सांगणार? झुडूप हललं म्हणून झाडलेली गोळी सोबत्यालाच लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय काडतुसांचा हिशेब, नूतनीकरणाच्या फेऱ्या, निवडणूक आली की शस्त्र जमा करण्याची सूचना. एका बंदुकीने मी कंटाळतो, दुसरी कशाला?

तरीही, वाचकहो, डावं पान मला सोडत नव्हतं.

दोन दिवसांनी चाचांचा मुलगा घरी आला. कुवेतहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला. जाण्याआधी सगळं उरकायचं होतं. म्हणाला, “सर, तुम्ही परवानेवालेच आहात. आज रायफल घेऊन जा, पैसे सावकाश द्या. कागद मागाहून होतील. घरचाच मामला आहे.”

त्याच्या मनात खोट नव्हती. पण फसायची जागा नेमकी हीच. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल, तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. माझ्या परवान्यावर त्या रायफलीची नोंद व्हायला हवी ती वेगळीच. नोंद नसलेली रायफल माझ्या कपाटात सापडली, तर दुनळीचा परवाना मला वाचवत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. रजा तीन आठवड्यांची, कायदा ४५ दिवसांचा. हे गणित कसं जमणार?

लाजेची गोष्ट सांगतो. हे सगळं माहीत असून मी ‘नाही’ म्हटलं नाही. “संध्याकाळी सांगतो,” म्हणालो.

त्याच संध्याकाळी अंगणात माझा चौदा वर्षांचा मुलगा छत्री खांद्याला लावून, एक डोळा मिटून उभा होता. समोर त्याची धाकटी बहीण. “ठो!” ती हसत जमिनीवर पडली. रायफल घरात यायच्या आधीच घरात आली होती. त्याने आमचं बोलणं ऐकलं होतं आणि मोबाइलवर रायफलींचे व्हिडिओ पाहून बसला होता. हत्यार थट्टेतही आपल्या भावाकडे रोखायचं नाही, ही रसूलुल्लाह ﷺ यांची शिकवण मीच त्याला दिलेली. त्याला रागवायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. त्याच्या डोळ्यांत जी चमक होती, ती दोन दिवसांपूर्वी माझ्याही डोळ्यांत होती.

मगरिबनंतर चाचांकडे गेलो. म्हटलं, “चाचा, मला रायफल नकोय. मला अब्बा हवे होते.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वाईट वाटलं असणारच. मग म्हणाले, “अर्ज लिहून दे. मराठी अक्षर माझं चांगलं नाही.”

रायफल परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर सोपवण्याचा अर्ज मी तिथेच बसून लिहिला. खाली त्यांनी उर्दूत सही केली. विक्रेत्याने भाव बराच कमी दिला. मुलगा नाराज होऊन कुवेतला गेला. पण चाचांच्या नावावर आता कुठलीही अडकाठी नाही, आणि माझ्याही.

आपल्या अनेक घरांत आजोबांची एखादी बंदूक असते, किंवा कोणीतरी “स्वस्तात देतो” म्हणत येतं. अशा वेळी आधी वहीत ‘गरज’ शोधा. नसेल तर वस्तू कितीही चांगली असो, ती महागच. गरज खरी असेल तर शस्त्रावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर ताडून पाहा, लेखी कळवा, मुदत पाळा, आपल्या परवान्यावर नोंद झाल्याशिवाय हात लावू नका. घरातलं कोणी गेलं आणि मागे बंदूक राहिली, तर चाळीसाव्याची वाट पाहू नका. ती लगेच पोलीस ठाण्यात जमा करा. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. मी त्या तीस हजारांत थोडी भर घालून शेताला सौर कुंपण घालतोय.

आणि हो, दर जुम्म्याला नमाजनंतर मी मुलाला घेऊन चाचांकडे जातो. ते अब्बांच्या गोष्टी सांगतात. रायफल घेतली असती तर ती कपाटात ठेवून मी मोकळा झालो असतो. चाचांकडे जाणं कदाचित राहूनच गेलं असतं.