बाटली सारखी, पेला वेगळा

आपल्यातली चित्रं काढणारी पोरं सध्या पॉप आर्टच्या नादाला लागलीत. एकच चेहरा चारदा, चार भडक रंगांत. मेरिलिन मन्रोच्या जागी बाबासाहेब बसवले की झालं, असा एकूण हिशेब. मग ते टी-शर्टावर येतं, कपावर येतं, मोबाइलच्या कव्हरवर येतं. त्यावर आपल्यातलेच काही थोर लोक नाक मुरडतात, की ही अमेरिकेतल्या भांडवलदारांची थेरं, चळवळीला काय कामाची? माझं भांडण दोघांशीही आहे. आधी नाक मुरडणाऱ्यांचं बघू, त्यांचं लवकर आटपतं.

पॉप आर्ट ज्या हत्यारानं झाली ते हत्यार आपल्याच हातातलं आहे. चौकटीवर जाळीचं कापड ताणायचं, केमिकल चढवायचं, उजेडात धरायचं, धुवायचं आणि रबरी पट्टीनं रंग ओढायचा. एका रंगाला एक स्क्रीन. गिरणीच्या छपाईखात्यात आम्ही हेच करतो. अँडी वॉरहॉलनं हे १९६२ साली उचललं. पिट्सबर्गच्या मजुराचा पोरगा तो, आईबाप पोट भरायला युरोपातून आलेले, स्वतः जाहिरातीसाठी बुटांची चित्रं काढत वर आलेला. १९६४ पासून त्याच्या न्यूयॉर्कच्या स्टुडिओचं नावच 'फॅक्टरी'. १९६३ साली मदतीला, स्क्रीन ओढायला ठेवलेल्या पोराला मजुरी तासाला सव्वा डॉलर, आणि चित्र मालकाच्या नावावर. म्हणजे फॅक्टरी हे नाव काही खोटं नव्हतं.

आमच्याकडं रंग सूतभर सरकला की तो तागा 'सेकंड', आणि कापली मजुरी. त्याच्या 'मेरिलिन डिप्टिक'मध्ये ओठांचा रंग सरकलाय, शाई बसलीय, पुढं पुढं चेहरा पुसट होत गेलाय, आणि ते चित्र लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. मला ते चित्र आवडतं, हेही इथंच सांगून टाकतो. तेव्हा तंत्र परकं म्हणून कुणी फेकायला सांगत असेल तर त्याला एकदा छपाईखात्यात पाठवा.

आता दुसऱ्यांकडं वळतो. इथं जरा थांबावं लागेल.

१९६२ सालचंच वॉरहॉलचं एक चित्र आहे, 'ग्रीन कोकाकोला बॉटल्स'. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. सात ओळी, एका ओळीत सोळा, अशा ११२ बाटल्या. दुकानाच्या फळीवर मांडाव्यात तशा. पुढं १९७५ च्या पुस्तकात त्यानं यामागचा विचार मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की या देशात राष्ट्राध्यक्ष जो कोक पितो तोच नाक्यावरचा भणंगही पितो, आणि जास्त पैसे टाकून कुणाला जास्त चांगला कोक मिळत नाही.

हे म्हणणं फालतू समजू नका. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वस्तूच नाकारली, त्यांच्यासाठी पैसा टाकला की माल मिळतो, दुकानदार जात विचारत नाही, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गाव सोडून मुंबई धरली त्यात हेही एक कारण होतं. बाजार काही वेळा मंदिरापेक्षा बरा असतो.

पण कोक प्यायचा कुठं बसून? १ फेब्रुवारी १९६० ला, म्हणजे ते चित्र व्हायच्या दोन वर्षं आधी, अमेरिकेतच ग्रीन्सबरो गावात चार काळी पोरं वूलवर्थच्या दुकानात शिरली. टूथपेस्ट वगैरे किरकोळ सामान घेतलं. दुकानानं पैसे घेतले, पावती दिली. मग तीच पोरं तिथल्याच खाण्याच्या काउंटरवर स्टुलावर बसली आणि कॉफी मागितली. नाही म्हणाले. दुकान एक, गल्ला एक, डॉलर एक. काळ्याचा पैसा चालतो, काळ्याचं बूड चालत नाही! पोरं उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. जुलैत दुकानाला वाकावं लागलं. वॉरहॉलला हे दिसत नव्हतं असं नाही. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये निदर्शकांवर सोडलेल्या पोलिसी कुत्र्यांचे फोटो त्यानं स्क्रीनवर घेतले. पण कुत्री एका चित्रात राहिली आणि बाटल्या दुसऱ्या.

आणि आपल्याकडं? किटली एक, चहा एक, कप वेगळा. टपरीबाहेर कोनाड्यात ठेवलेला, प्यायचा आणि आपणच विसळून ठेवायचा. तमिळनाडूत तर दोन पेल्यांची रीत म्हणून या प्रकाराला नावच पडलंय. १९५५ पासून कायद्यानं गुन्हा. मग काही टपरीवाल्यांनी अक्कल लढवली. बाकीच्यांना स्टीलचा पेला आणि आपल्या माणसाला वापरून फेकायचा कप. आता करा तक्रार! कप तर नवा कोरा आहे, स्वच्छ आहे, कारखान्यातून आलेला आहे. अस्पृश्यतेला पॅकिंग मिळालं.

बाटलीत काय भरतात तेही बघा. केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचीमडा नावाचं गाव आहे. २००० साली तिथं कोकाकोलाचा कारखाना सुरू झाला. भोवती आदिवासींच्या आणि दलितांच्या वस्त्या. लोकांनी सांगितलं, विहिरी खाली गेल्या, उरलेलं पाणी तोंडात धरवत नाही. कंपनीनं कानावर हात ठेवले. २००२ साली मयिलम्मा नावाच्या आदिवासी बाईसोबत वस्तीनं फाटकासमोर ठाण मांडलं, २००४ च्या मार्चमध्ये कारखाना बंद पडला. आपण १९२७ ला महाडला गेलो ते पाण्याला हात लावायला. इथं पाणीच उचलून बाटलीत घातलं आणि सगळ्यांना सारख्या किमतीत विकायला ठेवलं.

हे सगळं त्या ११२ बाटल्यांत मावलं असतं का? मावतं. ब्राझीलच्या सिल्दो मेइरेलेसनं १९७० साली, लष्करी राजवटीत, मावून दाखवलं. तेव्हा कोकच्या काचेच्या बाटल्या दुकानात परत जात. यानं रिकाम्या बाटल्या घेतल्या, त्यांवर स्क्रीननंच पांढऱ्या अक्षरांत मजकूर छापला, अमेरिकनांनी चालतं व्हावं वगैरे, आणि बाटल्या परत बाजारात सोडल्या. रिकामी असताना अक्षर दिसत नाही. काळं पेय भरलं की उमटतं. म्हणजे कंपनीनं बाटली भरायची आणि याचं पत्रक आपल्याच गाडीतून वाटत फिरायचं. याला म्हणतात छपाई!

आता त्या चार रंगांतल्या बाबासाहेबांकडं या. मेरिलिन ऑगस्ट १९६२ ला मेली आणि लगेच वॉरहॉलनं तिला छापायला घेतलं. बाजारानं बाईला छापून छापून कसं पुसून टाकलं, हे त्या चित्रात दिसतं. तो साचाच माणूस पुसण्याचा आहे. तोच उचलून तुम्ही बाबासाहेबांना लावता, तेव्हा काय पुसताय ते तरी बघाल की नाही? माझं विक्रीशी वाकडं नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर फोटो विकतात, बिल्ले विकतात आणि पोत्यांनी पुस्तकं विकली जातात. तो बाजार आपला आहे. तिथून फोटो नेऊन भिंतीला लावणाऱ्या बाईला पॉप आर्ट शिकवायला जाऊ नका, तिला कळतं ती काय नेतेय ते.

तुम्ही चित्र काढाच. पण वस्तू नीट निवडा. सेकंडचा तागा घ्या, स्वस्तात मिळतो. दोन स्क्रीन करा, एक स्टीलच्या पेल्याचा, एक कागदी कपाचा. सात ओळी, सोळा रांगा. १११ पेले छापा आणि मधे कुठंतरी एक कागदी कप. खाली काही लिहू नका. गॅलरीत नेऊ नका, १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वाटेवर चहाच्या हॉटेलासमोर टांगा. काय टांगलंय ते कळायला हॉटेलवाल्याला समीक्षक लागणार नाही.

आणि ज्यांना कापडाचा खर्च झेपत नाही त्यांनी कागदी कपच घ्यावेत. छपाई बाहेरून, तळाला. आत नको, शाई चहात उतरेल. तिथं स्क्रीन पोचत नाही, रबरी शिक्का मारावा लागेल. 'हा कप मलाच का?' एवढे चार शब्द पुरतात. कप तोंडाला लावला की समोर बसलेल्याला वाचता येतात. शिक्के बनवणारा कुठल्याही तहसील कचेरीबाहेर बसलेला असतो.