उभ्या गाडीची निगा

कापसाचा हंगाम उरकला की खानदेशातील जिनिंगच्या आवारांत एक निराळीच शांतता पसरते. शेवटच्या गाठी रवाना होतात, यंत्रांवर आवरणे पडतात, हमाल आपापल्या गावी परततात आणि आवाराच्या कडेला निंबाच्या सावलीत पेढीचा ट्रक उभा राहतो. तो पुन्हा नेमाने रस्त्याला लागतो ते दसरा-दिवाळीच्या सुमारास, नवा कापूस येऊ लागल्यावर. रावेर-यावलकडील केळीच्या गाड्यांना असा विसावा ठाऊक नाही. त्यांची उत्तरेची वाट बारमाही चालू असते. परंतु जामनेर, बोदवड, धरणगाव, शिरपूर, शिंदखेडा या भागांत कापूस, सरकी आणि ढेप यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांकडे स्वतःच्या मालकीची एखादी गाडी असते आणि वर्षातील चार-पाच महिने ती जवळजवळ उभीच असते. आज या उभ्या गाडीविषयी लिहावयाचे योजिले आहे.

गाडी चालली की झिजते, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. तिचा घसारा आपण दरवर्षी हिशेबात धरतो. उभी असतानाही ती झिजते, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही, कारण ती झीज कोणत्याच वहीत दिसत नाही. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा हा अनुभव पुष्कळांच्या वाट्यास आला. एरवी रोज धावणाऱ्या गाड्या काही आठवडे उभ्या राहिल्या आणि निघण्याची वेळ आली तेव्हा कुठे बॅटरी उतरलेली, तर कुठे ब्रेक धरून बसलेले. आपल्या आवारांतील गाडीला असली टाळेबंदी दर पावसाळ्यात घडते.

यावर उपाय म्हणून एक प्रथा सर्वत्र रूढ आहे. रखवालदार किंवा चालक सकाळी गाडीत चढतो, उदबत्ती लावतो, इंजिन सुरू करतो, पाच-दहा मिनिटे ते तसेच गुरगुरू देतो आणि बंद करतो. मालकही समाधानाने सांगतात, ‘गाडी रोज सुरू करतो आम्ही.’ उदबत्ती अवश्य लावावी. इंजिन मात्र अशा रीतीने सुरू करू नये. त्याने गाडीचे हित होत नाही, उलट नुकसान होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर डिझेल जळते तेव्हा जवळपास एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ धुरासोबत बाहेर निघून जाते. थंड इंजिनात तिचेच थेंब होतात. काही सायलेन्सरमध्ये साचतात, तर काही पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतात. अर्धवट जळालेले डिझेलही त्याच वाटेने ऑइलमध्ये उतरते व ते पातळ करते. काट्यावर पाण्याचे तापमान चढलेले दिसले तरी ऑइल तापण्यास त्याहून अधिक वेळ लागतो, आणि नुसत्या उभ्या, मंद चालणाऱ्या डिझेल इंजिनात तर ते नीट तापतच नाही. म्हणजे रोज सकाळी दहा मिनिटे इंजिन चालवणारा मनुष्य रोज थोडे पाणी इंजिनात घालीत असतो. शिवाय गाडी सुरू करताना बॅटरीतून जी शक्ती जाते तीही एवढ्या अवधीत बहुधा पुरती भरून येत नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ मानकाच्या गाड्यांत या प्रथेचा अपाय अधिक होतो. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यास धूर बराच तापावा लागतो आणि तो तापतो केवळ रस्त्यावर, ओझे ओढताना. उभ्या इंजिनाने गाळणी भरत जाते, एक दिवस समोरचा दिवा पेटतो आणि गाडीची ताकद आपोआप घटते. या गाड्यांना जे युरियाचे द्रावण लागते त्याचीही पांढरी खडी थंड नळीत धरते. हे द्रावण टिकाऊ नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेले हे मिश्रण सुमारे ३० अंश तापमानात वर्षभर टिकते. ३५ अंशांत तो अवधी सहा महिन्यांवर येतो. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे ध्यानी घेता पत्र्याच्या गुदामात दोन-दोन वर्षांचे डबे साठवून ठेवण्यात काय शहाणपण आहे? स्वस्त मिळाले म्हणून घेऊन ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

मग करावे काय? पंधरा-वीस दिवसांतून एकदा गाडी खरोखर चालवावी. जळगावकरांनी धरणगावपर्यंत, धुळेकरांनी सोनगीरपर्यंत जाऊन परत यावे. एवढी फेरी पुरे. मागे थोडे ओझे असावे, सर्व गिअर पडावेत, ब्रेक चार वेळा नीट दाबले जावेत. या एका फेरीत ऑइलमधील ओल निघून जाते, बॅटरी भरते, क्लचची पट्टी चिकटत नाही आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. ज्या दिवशी फेरी नाही त्या दिवशी चावीला हात लावू नये.

पावसाळ्याआधी गाडी उभी करतानाच पुष्कळ काम करून टाकावे. इंजिन ऑइल हंगाम सुरू होताना बदलण्याची आपली पद्धत आहे. ते हंगाम संपताना बदलणे अधिक बरे, कारण वापरलेल्या ऑइलमधील आम्ल आणि ओल हे चार महिने बेअरिंगांना खात बसतात. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी न घालता कंपनीने सांगितलेले कूलंटच असावे. आपल्याकडील पाण्याचा थर किटलीत कसा धरतो हे गृहिणींना विचारावे. सांध्यांना ग्रीस भरून घ्यावे. हौदा स्वच्छ धुऊन वाळवावा, विशेषतः खताच्या गोण्या वाहिल्या असतील तर. फाळक्याच्या बिजागरीत अडकलेले खत पहिल्या पावसात लोखंड खाऊ लागते. काळ्या मातीवर गाडी उभी करू नये, कारण ती माती ओल सोडत नाही आणि चाके रुततात. फरशी नसेल तर निदान मुरूम आणि दगड टाकावेत. प्लास्टिकची ताडपत्री केबिनभोवती आवळून बांधण्यापेक्षा पत्र्याची साधी छपरी उत्तम, कारण वारा खेळला पाहिजे.

डिझेलच्या टाकीचा विषय थोडा विस्ताराने सांगतो. अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी हवेने भरलेली टाकी. दिवसा ती तापते, रात्री निवते आणि पावसाळ्याच्या दमट हवेतील पाणी आतल्या पत्र्यावर दवासारखे जमून तळाशी उतरते. डिझेल पाण्याहून हलके असल्याने ते वर राहते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांस भिडतात त्या रेषेवर सूक्ष्म जीव वाढू लागतात आणि त्यांचा काळा, बुळबुळीत थर पुढे फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पाणी गाळून पिणाऱ्या, धान्य ऊन दाखवून निवडून ठेवणाऱ्या घरांना यावरील उपाय नव्याने शिकवावा लागू नये. जिथे ओल नाही तिथे जीवोत्पत्ती नाही. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवावी, झाकणाचे रबर तपासावे आणि प्रत्येक फेरीआधी फिल्टरखालील पाणी सोडण्याची तोटी उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत तळचे पाणी काचेच्या बाटलीत काढून पाहावे. जुन्या पंपाच्या गाड्या थोडेफार पाणी सोसत असत. नव्या गाड्यांत डिझेल १६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून फवारले जाते. तिथे चमचाभर पाणीही इंजेक्टर बाद करू शकते. स्वस्ताईच्या वेळी पिंपात डिझेल भरून ठेवणाऱ्यांनी हे आठवावे.

आता उंदरांविषयी. सरकी आणि ढेप जिथे, तिथे उंदीर, हे जिनिंगवाल्यांस सांगणे नको. पावसात बिळांत पाणी शिरले की त्यांना कोरडी, अंधारी, कुणी न हलवणारी जागा हवी असते आणि ट्रकच्या इंजिनाहून सोयीची जागा आवारात दुसरी नसते. ते वायरी कुरतडतात, हवेच्या फिल्टरमध्ये रुईची घरटी करतात. अशा वेळी कुणी विषाची वडी सुचवतो, कुणी चिकट पुठ्ठा. आपल्या घरात हे दोन्ही चालणार नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी आहे, कारण सरकीचे ढीग जागेवर असेपर्यंत एका उंदरामागे दुसरा येतच राहतो. ढीग आणि पोती गाडीपासून दूर हलवावीत, गाडीखालची जमीन झाडून ठेवावी, मुख्य म्हणजे गाडीची जागा अधूनमधून बदलावी. उंदराला स्थैर्य लागते. हवेच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधावी आणि तिची आठवण राहावी म्हणून स्टीअरिंगला लाल फडके बांधून ठेवावे. फेरीला निघण्याआधी केबिन उचलून पाहावे, पत्र्यावर दोन-चार थापा माराव्यात, क्षणभर थांबावे. मांजरीची पिले, खार, गांधीलमाशीचे पोळे, क्वचित सापही, असे काय काय आत असते. आपण ज्याला जयणा म्हणतो तिला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

त्याच वेळी रुई झटकून घ्यावी. हंगामभर उडालेली रुई रेडिएटरच्या पापुद्र्यांत, सायलेन्सरवर, वायरींच्या जुडग्यांत बसलेली असते. ती तशीच ठेवून गाडी लांबच्या फेरीस काढली तर रेडिएटर तापतो. गरम नळीवरील रुईने पेट घेतला तर काय होते, हे गंजीला लागलेली आग ज्याने पाहिली आहे त्यास सांगावे लागत नाही.

ब्रेक आणि टायर यांबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. हवेच्या ब्रेकच्या गाडीत हवा उतरली की आतली स्प्रिंग मागचे ब्रेक आपोआप आवळते. महिनोन्‌महिने असे आवळलेले ब्रेक दमट हवेत ड्रमला गंजाने चिकटतात. मग हंगामात जोर लावून गाडी ओढली की आतले अस्तर निघून येते. पंधरवड्याची फेरी हाच त्यावरही उपाय. हवेच्या टाक्यांतील पाणी फेरीनंतर सोडून द्यावे. टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असे समजू नये. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, उन्हाने त्याच्या बाजूला बारीक भेगा पडतात, आणि तो फुटतो तो भर वेगात. तिथे चालकाच्या जिवाचा प्रश्न असतो. टायरचे चार पैसे वाचवताना हे समोर ठेवावे.

बॅटरीविषयी एकच सूचना. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि गाडी बंद असली तरी जीपीएससारखी उपकरणे त्यांतून थोडी-थोडी वीज घेत राहतात. गाडी उभी असता मुख्य स्विच बंद ठेवावा. मात्र युरियाच्या गाडीत चावी बंद केल्यावर काही मिनिटे थांबूनच तो बंद करावा, कारण पंप त्या वेळी नळ्यांतील द्रावण मागे ओढून घेत असतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. वार्षिक कर भरणाऱ्या गाडीसाठी ती वापरात नसल्याचे परिवहन कार्यालयास आगाऊ कळवून त्या काळाचा कर वाचवता येतो. पण मग ती रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे आपली पंधरवड्याची फेरी गेली. माझ्या मते चालू गाडीसाठी ही बचत महागात पडते. विम्यात खंड तर मुळीच पडू देऊ नये. आग आणि चोरी उभ्या गाडीलाही असतेच.

चालकाचा प्रश्न सर्वांत अवघड. पावसाळ्यात त्यास घरी बसवले तर तो दुसरीकडे लागतो आणि दिवाळीला जो नवा मनुष्य येतो त्याला गाडीचा स्वभाव ठाऊक नसतो. चार महिने अर्ध्या पगारावर का होईना, पण जुन्या चालकास धरून ठेवणे ज्यांना शक्य आहे त्यांनी ते करावे. फेरी, ग्रीस, सफाई, पाणी काढणे ही सारी कामे त्याचीच, आणि ती तो आपलेपणाने करतो. हे परवडत नसेल तर मग गाडी तरी परवडते का, हे एकदा कागद घेऊन मांडावे. कर्जाचे व्याज, विमा, कर, टायर, पगार एका बाजूस, आणि तेवढ्याच खेपा भाड्याच्या गाडीने केल्या असत्या तर लागले असते ते भाडे दुसऱ्या बाजूस. काही पेढ्यांवर गाडी केवळ दारात शोभते म्हणून उभी असते. वडीलधाऱ्यांनी घेतलेली म्हणून विकवत नाही, ही भावना मी समजू शकतो. पण गंजत उभी ठेवण्यात त्या भावनेचाही मान राहत नाही. ती विकावी किंवा तिची नीट निगा राखावी.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पूजेनंतर लगेच पूर्ण भार भरून सुरतेची वाट धरू नये. पहिली खेप जवळची व अर्ध्या भाराची असावी. इंजिन सुरू झाल्यावर निदान मिनिटभर रेस देऊ नये, तेवढ्यात ऑइल वरपर्यंत चढते. साधारण पन्नास किलोमीटरवर गाडी बाजूस घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एखादे चाक इतरांहून जास्त तापलेले लागले तर तिथला ब्रेक सुटलेला नाही असे समजावे आणि पुढे न जाता मिस्त्रीस बोलवावे. टायर काढले-बसवले असतील तर चाकांचे नटही त्याच थांब्यावर पुन्हा आवळून घ्यावेत.