यशाच्या आकड्यामागील सत्य

किनवटसारख्या सीमावर्ती तालुक्यातील अपत्यहीन दांपत्य उपचारांसाठी नांदेडची वा हैदराबादची वाट धरते, तेव्हा गाठीला कष्टाने उभा केलेला पैसा असतो आणि मनात जाहिरातीत वाचलेला यशाचा आकडा. हे यश कशाचे? चाचणीत गर्भधारणा दिसल्याचे, की सुखरूप बाळ घरी नेल्याचे? उपचार सुरू केलेल्या सर्व स्त्रिया त्यात मोजल्या, की मध्येच थांबलेल्या वगळल्या?

दोष केवळ जाहिरातीचा नाही. प्रजननविषयक संशोधनाच्या मांडणीतच ही संदिग्धता रुजलेली आहे. गर्भाशयाचे अस्तर किंचित खरवडल्यास कृत्रिम गर्भधारणेत यश वाढते, असे २००३ पासून काही लहान चाचण्यांनी सांगितले. त्या भरवशावर ही क्लेशदायक क्रिया अनेक देशांत रूढ झाली. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. क्रिया केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण सारखेच होते : २६.१ टक्के! मधल्या काळात स्त्रियांनी सोसलेल्या वेदनांचा आणि खर्चाचा हिशेब कोणी द्यायचा?

चीनमधील हार्बिन येथे विचारविनिमय करून तज्ज्ञांनी २०१४ मध्ये नियम प्रसिद्ध केले. वंध्यत्वावरील चाचणीत जिवंत बाळाचा जन्म नोंदवावा आणि माता व बालकाला झालेले अपायही सांगावेत, हे त्यांचे सार. सामान्य गृहिणीला जे सहज कळते, ते शास्त्राला नियम करून सांगावे लागले!

सत्यनिष्ठेचा आदर्श मात्र आपल्याच देशात आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. देशातील पहिल्या यशाचा मान त्यांना मिळाला. पुढे आनंदकुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासली आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या बालिकेचे श्रेय १९९७ मध्ये जाहीरपणे त्यांना दिले. शासकीय समितीने अविश्वास दाखवलेल्या मुखोपाध्यायांनी १९८१ मध्येच जीवनयात्रा संपवली होती. त्यांना न्याय मिळाला तो जपून राहिलेल्या टिपणांमुळे आणि स्वतःचा मान सोडणाऱ्या एका शास्त्रज्ञामुळे.

२०२१ च्या कायद्याने अशा उपचारकेंद्रांना नोंदणी सक्तीची केली आहे. आता प्रत्येक केंद्राचे निकाल वयोगटानुसार, उपचार सुरू केलेल्या सर्व स्त्रियांमागे, मराठीतून लोकांसमोर यावेत. आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांनीही अशा दांपत्याला एक प्रश्न शिकवून पाठवावा : ‘माझ्या वयाच्या शंभर जणींनी उपचार सुरू केले, तर बाळ घेऊन घरी किती जणी जातात?’ या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळणे हा किनवटच्या भगिनीचाही अधिकार आहे. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या समाजाने तो मिळवून दिलाच पाहिजे.