२८९८ सालीही अवतारच?

नाग अश्विन यांचा 'कल्की २८९८ एडी' २७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि आमच्या बोरी-जिंतूरकडच्या आपल्या पोरांनाही त्याने भुरळ घातली. सहाशे कोटींच्या आसपास खर्च झाल्याचे सांगितले गेले. तो पडद्यावर दिसतो. काशी उजाड, गंगा आटलेली, आणि वर आकाशात उलटा पिरॅमिड: कॉम्प्लेक्स. पाणी, झाडे, अन्न सारे तिथे. आत जायचे तर दहा लाख युनिट मोजा! विषम समाजव्यवस्थेचे इतके नेमके चित्र धंदेवाईक सिनेमात क्वचितच येते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण पुढे काय? शंबालात बंडखोर आहेत, तेही वाट पाहतात एका गर्भाची. कॉम्प्लेक्समध्ये स्त्रियांच्या गर्भातून सत्त्व काढून यास्किन तरुण होऊ पाहतो. तिथे दीपिका पदुकोणच्या पात्राला नाव नाही, क्रमांक आहे, सुम-८०. हे पाहताना शेजारचा बीड जिल्हा आठवल्याशिवाय राहत नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे पुढे आले. त्यासाठी २८९८ साल उजाडावे लागले नाही. चित्रपटात मात्र सुम-८० वाचवण्याजोगी ठरते, कारण तिच्या पोटी देव आहे. बाकीच्या क्रमांकांचे काय? पहिल्या भागात तरी उत्तर नाही.

हा देव कोण, तेही पाहा. भागवतात कल्की शंभल गावच्या विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी जन्मतो. कल्कि पुराणात तर तो कीकट देशी जाऊन बौद्धांशी युद्ध करतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतार नाकारला, तो उगीच नव्हे. यंत्रे नवी, मोटार बोलणारी, आणि कथेचा सांधा मात्र जुनाच, जन्माचा!

विज्ञानकथेला पुराण वर्ज्य असावे असे माझे म्हणणे नाही. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांनी 'कार्गो' (२०१९) बेताच्या खर्चात केला. पुष्पक ६३४-ए या यानात प्रहस्त नावाचा राक्षस मेलेल्या माणसांच्या जखमा बऱ्या करतो, सामान काढून घेतो, स्मृती पुसतो आणि पुनर्जन्मासाठी पाठवतो. पुनर्जन्म आपल्याला मान्य नाही, ते सोडा. पण हे राक्षस म्हणजे सरकारी कचेरीतले थकलेले, सालस कर्मचारी. सर्वांना प्रक्रिया एकच. ना तलवार, ना तारणहार. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे रक्षक असा अर्थ लावला, तो वाचलेल्यास हा प्रहस्त परका वाटणार नाही.

आपल्याकडे मोबाईलवर लघुपट करणारी मुले आता गावोगाव आहेत. त्यांनी कल्कीतला उलटा पिरॅमिड खुशाल उचलावा, गर्भ आणि अवतार तिथेच सोडावा, आणि ते दहा लाख युनिट ठरवतो कोण, इथून पटकथा सुरू करावी.