उन्हाची वीज आणि पाण्याची पाळी

मोशी येथे डिसेंबर महिन्यात ‘किसान’ कृषिप्रदर्शन भरते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता शेतकऱ्यांपुढे मांडली जात आहेत. त्यांची किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. या यंत्रबुद्धीने शेतास दिवसा, ठरल्या वेळी पाणी मिळेल काय?

कचऱ्यापासून वीज करणारा 14 मेगावॅटचा प्रकल्प मोशीतच 2023 साली सुरू झाला. कचरा साठवून रात्रीही जाळता येतो. ऊन मात्र साठविता येत नाही. ढग आला की सौरवीज घटते, आणि मागणीइतकी वीज तर क्षणोक्षणी पुरवावी लागते. यास्तव दिवसाचे 15 मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येक भागातील विजेचा अंदाज आगाऊ देण्याची पद्धत 2018 च्या विनियमांनी राज्यात आली. ढगांची उपग्रहचित्रे व मागील नोंदी ताडून असा अंदाज बांधण्यात यंत्रबुद्धीचा उपयोग निश्चित आहे.

तथापि अंदाज म्हणजे वीज नव्हे. वीज कमी पडली तर कोणाला तरी थांबावे लागते. चाकणचा कारखाना सहसा थांबविता येत नाही. पिकाचे पाणी मात्र दोन तास पुढेमागे होऊ शकते. शेतकऱ्याची ही सवड वीजव्यवस्थेस मोलाची आहे. ती त्याला न सांगता घेतली जाऊ नये. पाळी बदलावयाची तर आदल्या दिवशी सूचना मिळावी, व बुडालेले तास भरून द्यावेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली सुरू झाली ती शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी म्हणून. अंधारात, विंचूकाट्याच्या भयात दारे धरण्याची पाळी यंत्राच्या गणिताने पुन्हा येता कामा नये.

येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य सोपे परंतु महत्त्वाचे आहे. वाहिनीवर ठरलेले तास किती, प्रत्यक्ष मिळालेले किती, दाब पुरेसा होता की नाही, याची नोंद गावात रोज ठेवावी. तक्रारीस तोच पुरावा होय. आणि यंत्रही अशा नोंदींवरूनच शिकते. कागदावर आठ तास आणि शेतात पाच, अशी नोंद त्यास मिळाली तर ते आठच खरे मानील. खरी नोंद हीच शेतकऱ्याची खरी राखण होय.