बक्षिसानंतरची ऑर्डर

२७ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७ साली सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नावे केला. त्यानिमित्त आज ठिकठिकाणी मेळावे भरतील, स्पर्धांचे निकाल लागतील, शाल-श्रीफळाबरोबर धनादेश दिले जातील. ते स्वीकारणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून अभिनंदन. घरच्या ओट्यावर नाहीतर भाड्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसाचे नाव चारचौघांत पुकारले गेले की घरच्यांची नजर बदलते, गावाची बदलते, कधी कधी बँकेच्या शाखाधिकाऱ्याचीही बदलते. स्पर्धेचे हे देणे रकमेहून मोठे आहे. मात्र सोमवारी गाळा उघडल्यावर त्याच माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: माल घेणारे गिऱ्हाईक आणि आधी दिलेल्या मालाचे पैसे. आपली अनुदाने आणि बक्षिसे त्याला तिथवर नेतात का, हे आज तपासायला हवे.

पैसे देणाऱ्या योजनांची कमतरता नाही. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. दोन्हींत कारखानदारीचा ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. पापड, मसाले, गूळ, काजू असे खाद्यप्रक्रियेचे काम करणाऱ्यांसाठी २०२० पासून वेगळी योजना आहे. तीत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात आणि बचत गटातल्या सदस्याला बीजभांडवल म्हणून ४० हजार. अडचण आहे ती क्रमाची. अनुदान आधी हातात पडत नाही. आधी बँकेने कर्ज मंजूर करावे लागते. पंतप्रधानांच्या कार्यक्रमात तर अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेतच ठेवीत राहते आणि प्रत्यक्ष पाहणी झाल्यावर कर्जात वळती होते. धंदा टिकला तरच सरकारचा पैसा लागावा, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. पण अर्ज भरणाऱ्या बाईला हे समजेल अशा भाषेत कोणी सांगत नाही, म्हणून आपले पैसे बँकेने अडकवले असे तिला वाटत राहते. लहान कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक असूनही शाखेतून रिकाम्या हाताने परतणारे आहेतच. त्यांच्यापर्यंत अनुदान पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. याच फटीत दलाल शिरतो. प्रकल्प अहवाल करून देतो, मंजुरी आणून देतो, म्हणतो आणि टक्केवारी मागतो. आम्ही कोणताही मध्यस्थ नेमलेला नाही, असे पंतप्रधानांचा कार्यक्रम राबवणारा खादी आयोग जाहीरपणे सांगतो, पण ते सांगणे तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जात नाही.

स्पर्धांचे वेगळे आहे. तिथे तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही. कल्पना आणि केलेले काम एवढ्यावर पैसे मिळतात, आणि ज्याच्या बापाच्या नावे जमीन नाही त्याच्यासाठी हा एकच दरवाजा उघडा असतो. म्हणूनच तो दरवाजा अरुंद असता कामा नये. पाच मिनिटांचे सादरीकरण, पडद्यावरचे तक्ते, इंग्रजीतला अर्ज, पुढच्या पाच वर्षांची वाढीची आकडेमोड यांवर निवड होऊ लागली की बोलणारा जिंकतो. अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काम उतरवणारा कारागीर व्यासपीठावर अडखळतो, आणि त्याचे खरे कसब परीक्षकांना दिसतच नाही. परीक्षकांनी त्याच्या गाळ्यात जावे. यंत्र पाहावे, माल हातात घ्यावा, गेल्या वर्षीची बिले चाळावीत. मराठीतला अर्ज पुरेसा मानावा. निवड न झालेल्यांना कुठे कमी पडलो हे लेखी कळवावे. हरलेल्या शंभरांना ते जिंकलेल्या एकाच्या धनादेशाइतकेच उपयोगी पडेल.

या सगळ्यात एका स्पर्धेची रचना आम्हाला विशेष मोलाची वाटते. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नवउद्योगांना सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळतात. म्हणजे विजेत्याच्या हाती बक्षीस म्हणून काम पडते. त्याचे उत्पादन खरोखरच्या रुग्णालयात, शेतात, पालिकेत चालून बघितले जाते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला त्याच्याकडे सरकारी कामाचा दाखला येतो.

उद्योजकाच्या पाठीशी उभे राहण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. बेळगावात नगरपालिकेने जागा घेतल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखाना कुठे मांडायचा या विवंचनेत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोडजवळची ३२ एकर माळजमीन दिली, १० हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती; नांगर विकायला लक्ष्मणरावांना फार खस्ता खाव्या लागल्या. त्या कठीण वर्षांत संस्थानाचा हात पाठीवर राहिला. आज आपण पहिल्या दिवशी मदत देतो आणि दुसऱ्या वर्षी विसरतो. धंदा बुडतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच. १९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हाही ते ८० रुपये कामी आले, कारण भुलेश्वरमधला एक ओळखीचा व्यापारी माल घ्यायला तयार होता. पुढे त्याचे लिज्जत झाले.

आता उधारीविषयी. लघुउद्योजकाला विचारा, तो अनुदानाआधी थकलेल्या बिलांबद्दल बोलेल. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०१७ पासून तक्रारीसाठी समाधान पोर्टल आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरला जात नाही. कायद्याची धार वाढली, पण मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार करणारा छोटा पुरवठादार पुढची ऑर्डर गमावतो, आणि हे भय कोणत्याही कलमाने जात नाही. निदान सरकारी खाती, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांनी तरी स्वतःपासून सुरुवात करावी. केंद्राच्या धोरणानुसार त्याच्या मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ती झाली का आणि पैसे किती दिवसांत दिले, हे प्रत्येक कार्यालयाने फलकावर लावले पाहिजे.

आणखी एक बोच आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा १० कोटींवर गेली. वाढत्या उद्योगांना त्याचा आधार आहे, हे मान्य. पण वर्षाला चार लाखांची विक्री करणारी गृहउद्योजिका आणि नऊ कोटींचा कारखानदार आता एकाच गटात मोजले जातात. स्पर्धेत आणि निधीच्या वाटपात त्यांना समोरासमोर उभे करणे अन्याय्य आहे. अगदी खालच्या थरासाठी वेगळा गट आणि वेगळा निधी राखलाच पाहिजे.

जिल्हा उद्योग केंद्रांकडे आमचे मागणे साधे आहे. यंदाच्या विजेत्यांची यादी लावताना तीन वर्षांपूर्वीच्या विजेत्यांचीही लावा: कोणाचा धंदा चालू आहे, कोणाकडे किती माणसे कामाला आहेत, कोणी शटर ओढले आणि का. सत्काराच्या मंचावर पाहुण्यांच्या शेजारी जिल्हा परिषदेच्या खरेदी विभागाचा अधिकारी, अग्रणी बँकेचा व्यवस्थापक आणि वसाहतीतल्या दोन मोठ्या कारखान्यांचे खरेदीप्रमुख बसवा, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांना तासभर थांबवून विजेत्यांचा माल त्यांच्यापुढे ठेवा.