आधी येणारे आणि मागे राहणारे

'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' हे तत्त्व समतेचे आहे, अशी भाबडी समजूत आपल्या चळवळीतही रुजली आहे. रांगेला जात नाही, वशिला नाही; मग अन्याय येणार कोठून? वस्तुतः टंचाईच्या वस्तूचे वाटप पैशाने होत नसेल, तर ते दुसऱ्या एखाद्या चलनाने होते. रांगेचे चलन म्हणजे वेळ. आज त्यात मोबाईलची आणि बातमी आधी कळण्याच्या सोयीची भर पडली आहे. ही संपत्तीही पैशाइतकीच विषम वाटली गेली आहे.

गेल्या मे महिन्यात पनवेल तालुक्यातील एका संस्थेच्या विनामूल्य हिशेबलेखन कार्यशाळेत मी एक सत्र घेतले. जागा चाळीस. नोंदणीचा अर्ज रात्री व्हॉट्सॲपवर फिरला आणि सकाळपर्यंत जागा संपल्या. खारघर-कामोठ्याची मुले आत आली. माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी-मालडुंग्याकडील आदिवासी वाड्यांवर बातमी पोचली चौथ्या दिवशी; तेथील मुलांची नावे प्रतीक्षा यादीत गेली. प्रत्यक्षात अकरा जण आलेच नाहीत. तरीही यादीतील एकालाही बोलावणे गेले नाही, कारण ते कोणी धाडायचे हेच ठरलेले नव्हते. वशिला कोणीही लावला नव्हता. निकाल मात्र वशिल्याने लागावा तसाच लागला.

'ज्याला कळकळ आहे तो आधी येतोच,' असा युक्तिवाद केला जातो. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी मुलाची कळकळ मोबाईलच्या घड्याळाने मोजणे ही क्रूर थट्टा आहे.

उपाय अवघड नाहीत. नोंदणी आठ-दहा दिवस खुली ठेवावी आणि त्या मुदतीत पहिल्या व शेवटच्या अर्जाला सारखेच मोल असावे. कार्यकर्त्याने वही घेऊन वाडीवर, आश्रमशाळेत जावे. वंचितांसाठी काही जागा आधीच राखाव्यात. अर्ज अधिक आल्यास सर्वांसमक्ष चिठ्ठ्या काढाव्यात आणि त्याच क्रमाने प्रतीक्षा यादी फलकावर लावावी. निवड झालेल्याने ठरावीक दिवसापर्यंत होकार न कळवल्यास पुढच्याला बोलवावे. हे काम एका नावाच्या व्यक्तीकडे सोपवावे. यात कष्ट वाढतात हे खरे. पण ते कष्ट संघटनेने टाळले की त्यांचा भार गरिबाच्या माथी पडतो.

अर्थात सोडतीने जागा वाढत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यान्वये खासगी शाळांतील २५ टक्के जागांची सोडत निघते, प्रतीक्षा यादीही लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. सोडत कितीही निर्मळ असो, मूळ जागाच काढून घेतल्या तर ती निरर्थक ठरते, हा त्यातील धडा.

म्हणूनच प्रतीक्षा यादी कार्यक्रम संपताच टोपलीत टाकण्याचा कागद नव्हे. बाजार केवळ क्रयशक्ती असलेली मागणी मोजतो. ज्याच्या हाती पैसा नाही त्याची मागणी नोंदवणारा कागद हाच. तो घेऊन पंचायत समितीत, महापालिकेत जावे आणि पुढच्या वर्गाची मागणी करावी.

साथींनो, समतेची भाषणे आपण शिबिराच्या व्यासपीठावरून करतो. तिची परीक्षा मात्र नोंदणीच्या टेबलावरच होऊन गेलेली असते. पुढील शिबिरापासून ते टेबल आधी वाडीवर न्यावे.